खरं बोलल्याचे गुण

९ जून

वन्सं,

माझं पत्र बघून तुम्हाला आधी वाटेल, भावाचं काही बरंवाईट झालं की काय. तसं काही नाही. तो ठणठणीत आहे. मीच समाजविघातक निघाले आहे.

थट्टा नाही. डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी निघाले आहे. ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, तीव्र स्वरूपाचा.’ मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते, त्यामुळे रस्त्यावर मला बरंच काही ऐकून घ्यावं लागतं. पण इतकं लांबलचक नाव अजून कोणी ठेवलं नव्हतं.

मी तुमची धाकटी भावजय. आपण एकदाच भेटलो, माझ्या लग्नात. तुम्ही लांब बाह्यांचं काहीतरी घातलं होतं आणि फोटोच्या आधीच निघून गेलात. जाताना तुमचा पत्ता माझ्या हातात कोंबलात आणि म्हणालात, “कधी लागलं तर.” तेव्हा मला तुमचा रागच आला होता. नव्या नवरीला असं कोणी बोलतं का? पण तो कागद मी टाकला नाही.

खारूताई पाच वर्षांची असताना मी तुमच्या भावाला सोडून निघाले. आमचं पटलं नाही, एवढंच समजा. खारूताई म्हणजे तुमची भाची. लहानपणी गालात घास साठवून बसायची, म्हणून हे नाव. आता आठ वर्षांची आहे. यंदा हिवाळ्यात त्याने आम्हाला पुन्हा शोधून काढलं आणि कोर्टात गेला. म्हणाला, बायकोने मुलीला पळवलं. कोर्टाने सांगितलं, दोघांच्याही मनाची तपासणी करा.

तपासणी करणारे डॉक्टर तरुण होते. टाय इतका घट्ट की मलाच श्वास लागत होता. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघत प्रश्न विचारले. हो की नाही, एवढंच सांगायचं. कधी खोटं नाव लावलंय? हो. ठरल्याशिवाय घर बदललंय? हो. दुसरी नोकरी हातात नसताना आधीची सोडलीय? हो. कुणाला मारलंय? हो, एकदा, तव्याने. त्याचा पश्चात्ताप होतो? मी जरा विचार केला आणि म्हटलं, नाही.

मला वाटलं, डॉक्टरांशी खरं बोलावं.

तुमच्या भावाला हेच प्रश्न विचारले. त्याने सगळ्यांना नाही म्हटलं, आणि वर डॉक्टरांना विचारलं, दिवसभर असं बसून पाठ दुखत नाही का तुमची? तो निरोगी ठरला. खारूताई सध्या त्याच्याकडे आहे. मी तिला शनिवारी एका ऑफिसात भेटते. शेजारी एक बाई बसलेल्या असतात, मी मुलीला काही करू नये म्हणून.

माझ्या वकीलबाईंनी भांडून दुसरी तपासणी मिळवलीय. या नव्या डॉक्टरीणबाईंना तुमच्या भावाला तो पंधरा वर्षांचा होण्याआधीपासून ओळखत असलेलं कुणीतरी हवंय. तुमचे आईवडील तर गेले. राहता राहिलात तुम्ही. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.

तुमची भावजय


२१ जून

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. येईल असं धरूनही बसले नव्हते. पण आज मी इतकी खुशीत आहे की कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि आमच्या स्कूलच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणतील, आधी गाडी धू.

नव्या डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणतात. केस पांढरे, गुडघे दुखतात, जिन्यावर दर दोन पायऱ्यांनी थांबतात आणि थांबल्या की गप्पा मारतात. त्यांच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, पण त्यावर रुमाल टाकलेला. त्यांनीही तेच सगळे प्रश्न विचारले. फक्त प्रत्येक हो नंतर त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, “का गं?”

का गं! या दोन अक्षरांसाठी मी किती वाट बघितली होती, ते मला त्यांच्यासमोर बसल्यावर कळलं.

खोटं नाव का लावलं? कारण खऱ्या नावाने तो शोधून काढायचा. घरं का बदलली? शोधून काढलं म्हणून. कॅन्टीनची नोकरी का सोडली? तो एका दुपारी तिथे फुलं घेऊन आला होता. सगळ्या मुली म्हणाल्या, किती गं नशीबवान तू. मी मागच्या दाराने निघाले ती पगारही न घेता. दवाखान्यात खोटं का बोललीस? आणि इथे वन्सं, मी जरा अडखळले. तुम्हालाही मी खोटंच लिहिलंय. आमचं पटलं नाही असं नव्हतं ते.

त्याने माझा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. चिडून नाही. मी माझ्या बहिणीला फोन करते म्हणून, समजावून सांगितल्यासारखं, सावकाश. मग स्वतःच गाडी काढून मला दवाखान्यात नेलं, माझे केस नीट केले, सिस्टरना सांगितलं, ही जरा वेंधळी आहे हो. मी म्हटलं, पडले. तवा त्यानंतरच्या आठवड्यातला. तो खारूताईच्या खोलीचं दार लावायला निघाला होता आणि तिची बोटं फटीत होती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “तव्याचा पश्चात्ताप नाही, हे मी तुझ्या वाईट गुणांत धरत नाही.”

मी विचारलं, मग मला तो रोग आहे की नाही? त्या म्हणाल्या, इतक्यात सांगणार नाही. हे निदान बेरीज करून होत नाही. माणूस अठराच्या पुढचा हवा. पंधराच्या आतच त्याची लक्षणं दिसलेली हवीत: मुक्या प्राण्यांना, लहान मुलांना छळणं, जाळपोळ, सराईत खोटेपणा. आणि हे सगळं एकाच माणसापुरतं, एकाच काळापुरतं नको. घरी, शाळेत, कामावर, सगळीकडे हवं. शिवाय ज्याच्याबद्दल शंका आहे, त्याच्या एकट्याच्या शब्दावर तर कधीच नाही. “ज्या रोगाचं लक्षणच खोटं बोलणं आहे, तो रोग्याला विचारून कसा कळेल?” असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. हसल्यावर गुडघा धरला.

माझ्या लहानपणाची चौकशी झाली. मला मामीने वाढवलं. बाईंनी तिला फोन लावला. मामी अर्धा तास बोलली. मी शाळेत एकदाच शिक्षा खाल्ली, तीही बाकाखाली पुस्तक वाचत होते म्हणून. हे तिने तीनदा सांगितलं, कारण तिला अजून त्या मास्तरांचा राग आहे.

आता उरला तुमचा भाऊ. तो सांगतो, मी घरातला शहाणा मुलगा होतो, ताई जरा विचित्र होती. बाईंनी ते लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, “त्या विचित्र ताईंशी मला बोलायला आवडेल.”

तुमची भावजय


१ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. तीन वाक्यांचं. ‘तेव्हा माझं कुणी ऐकलं नाही. आताही ऐकणार नाहीत. मला यात ओढू नकोस.’

नाही ओढणार. मी रोज नव्या माणसांना गाडी शिकवते. घाबरलेल्या बाईचा पाय जबरदस्तीने क्लचवरून उचलता येत नाही, तो तिनेच उचलायचा असतो, एवढं मला कळतं. तुमच्यावर माझा राग नाही. हे मी चांगुलपणा म्हणून लिहीत नाही, खरंच नाही.

फक्त कालचा शनिवार सांगते आणि थांबते.

खारूताई आली ती माझ्या मांडीवर न बसता समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, “आई, मी कप फोडला.” मी म्हटलं, फुटतात कप. म्हणाली, “तसं नाही. बाबांनी भिंतीवर मारला, मी बघितलं. पण बाबा म्हणाले, तूच फोडलास. मी नाही म्हटलं. मग बाबा खूप वेळ माझ्याशी बोललेच नाहीत. मग मी सॉरी म्हटलं. मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं.” आणि थोड्या वेळाने, “आई, आता मला खरंच आठवतंय की मीच फोडला.”

शेजारी बसणाऱ्या बाई नेहमी मान खाली घालून विणत असतात. त्यांच्या सुया थांबल्या.

मी म्हटलं, “तू बघितलंस ते तू बघितलंस.” तेवढ्यात वेळ संपली.

बस, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही खुशाल असा.

तुमची भावजय


१५ जुलै

वन्सं,

तुमची बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी स्टँडवर उभी राहून शिट्टी वाजवली. खरंच. माझ्या वयाच्या बाईने. एक हमाल म्हणाला, ताई, कुणाला बोलावताय? मी म्हटलं, कुणाला नाही हो, सोडायला आले होते.

तुम्ही न कळवता आलात. मी शिकाऊ बाईला रिव्हर्स शिकवत होते आणि मालक धावत आले, “बाहेर एक बाई आल्यात, म्हणतात मी विचित्र ताई.” मला हसू आवरेना आणि रडूही. त्या शिकाऊ बाईने तेवढ्यात कुंडी पाडली. मालक तिचं नाव घेऊन अजून कुरकुरतात, पण ती कुंडी तुमच्या खात्यात.

मोठ्या बाईंच्या खोलीत तुम्ही मला शेजारी बसायला सांगितलंत, त्याबद्दल काय लिहू? तुम्ही खुर्चीत होतात, म्हणून तुम्हाला स्वतःचा आवाज कसा येत होता ते ठाऊक नसेल. सुरुवातीला तुम्ही इतक्या हळू बोलत होतात की मोठ्या बाई पुढे वाकून ऐकत होत्या. शेजाऱ्यांच्या लहान मुलाला तुमच्या भावाने पाण्याच्या रिकाम्या टाकीत कोंडून वर झाकण लावलं आणि मग सगळ्यांबरोबर ‘कुठे गेला, कुठे गेला’ करत शोधलं, ते तुम्ही बाहीचं टोक मुठीत धरून सांगितलंत. दोन शाळांनी त्याला काढून टाकलं, आणि बाबांनी प्रत्येक वेळी ‘शिक्षकच वाईट’ म्हणून गाव बदललं, हे तुम्ही भिंतीकडे बघत सांगितलंत.

मग तुम्ही बाही वर केलीत.

तो अकरा वर्षांचा असताना त्याने मागची शेड पेटवली. आत शेजाऱ्यांचं कुत्रं बांधलेलं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. तुम्ही त्याला सोडवायला आत गेलात. कुत्रं वाचलं, तुमचा हात भाजला. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तो बाबांच्या कमरेला मिठी मारून हुंदके देत होता, “ताईने लावली, मी बघितलं.” बाबांनी तुम्हाला मावशीकडे पाठवून दिलं. तुम्ही म्हणालात, “मला ना, पुढे पुढे आठवायला लागलं होतं की मीच काडी ओढली.”

मला खारूताई आठवली. कपाची गोष्ट मी लिहिली तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, वन्सं. शपथ.

मोठ्या बाईंनी विचारलं, “काडेपेटी कुणाच्या हातात होती?” तुम्ही डोळे मिटलेत. मग एकदम खणखणीत म्हणालात, “त्याच्या. डाव्या हातात. तो डावरा आहे.”

त्या आवाजाने बाहेरचा शिपाई आत डोकावला. तो तुमचाच आवाज होता.

बाई म्हणाल्या, “तुमचं मी ऐकलंय. आणि तेव्हा कुणी ऐकलं नाही, हेही लिहून घेतलंय. मी दोन्ही शाळांकडे विचारणा करणार आहे. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, तुमच्या बोलण्याला कुणाला धक्का लावता येऊ नये म्हणून.”

तुम्ही विचारलंत, मग तो जन्मतःच वाईट का? त्यावर त्या जरा कडक झाल्या. “निदान म्हणजे शिवी नव्हे. तुमच्यावर आणि हिच्यावर त्याने जे केलं त्याचा जाब त्यालाच द्यायचाय. पण तो माणूसच आहे, आणि त्याला उपचार मिळायचा हक्क आहे. मी नाव एवढ्यासाठी ठेवते की पुढच्या लोकांना कळावं, कुठे सावध राहायचं आणि कुठून मदत सुरू करायची.” मला ते त्या क्षणी आवडलं नाही. रात्री अंथरुणात आवडलं.

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “मला भूक लागलीय.” आणि तुम्ही तीन ऑम्लेटं खाल्लीत. मी मोजत नव्हते, वेटर मोजत होता.

स्टँडवर जाताना तुम्ही माझ्या शेजारी, म्हणजे मी एरवी शिकवायला बसते त्या जागी बसलात. तिथे पायाखाली दुसरा ब्रेक असतो हे मी सांगायला विसरले. तुम्ही भर चौकात पाय ताणलात, आणि मागच्या रिक्षावाल्याने आपल्या दोघींच्या खानदानाचा उद्धार केला. तुम्ही काच खाली करून त्याला म्हणालात, “चूक माझी आहे, हिची नाही!” आणि मग इतक्या हसलात, की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

तुमचीच


२ सप्टेंबर

वन्सं,

जिंकलो.

आधी हा एकच शब्द लिहून पत्र टाकणार होते, पण तुम्ही फोनवर म्हणालात, सगळं लिही, मला बसून वाचायचंय. तर बसा.

तुमचा भाऊ निळ्या शर्टात आला होता. दारात मोठ्या बाईंना हात दिला, गुडघा कसा आहे विचारलं. बाई म्हणाल्या, दुखतोय, आणि हात सोडवून घेतला.

आधी टायवाले डॉक्टर. त्यांना वकीलबाईंनी विचारलं, हो-नाही सोडून तुम्ही आणखी कुणाशी बोललात? नाही. दोघांपैकी कुणाच्या शाळेत, कामावर विचारलंत? नाही. नवऱ्याने खरं सांगितलं हे कशावरून? डॉक्टर टायची गाठ सैल करत म्हणाले, “मला ते विचारायला हवं होतं.” गडी मनातून उतरायच्या ऐवजी जरा चढलाच माझ्या. जाताना मोठ्या बाईंच्या मागे मागे जिना उतरत होते, प्रत्येक दोन पायऱ्यांनी थांबत.

मग बाईंचा अहवाल. त्यांनी सांगितलं, ती प्रश्नावली खोटी नाही. पण ती फक्त कुणाकडे नीट बघायला हवं ते सांगते. मला ते आमच्या गाडीतल्या काट्यासारखं वाटलं. काटा सांगतो, गाडी ऐंशीने चाललीय. चोर पळतोय की पेशंटला नेतायत, ते आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

माझ्याबद्दल: विकार नाही. जे काही केलं ते एका माणसाच्या भीतीपोटी, त्याच काळात. त्याआधी नाही, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत नाही. माझ्या मोडलेल्या हाताचा दवाखान्यातला जुना एक्स-रे बाईंनी हाडांच्या डॉक्टरांना दाखवला होता. पडून असा मोडत नाही, असं त्यांनी सांगितलं.

तुमच्या भावाबद्दल: दोन शाळांची उत्तरं, पूर्वीच्या तीन नोकऱ्यांवरचे लोक, आणि तुम्ही. सगळ्यांनी आपापल्या शब्दांत एकच माणूस सांगितला. त्याने बाईंना चार भेटींत आपल्या लहानपणाच्या चार गोष्टी सांगितल्या होत्या, चारही सुंदर, आणि एकही दुसरीशी न जुळणारी. निदान त्याच्या नावावर गेलं. तेच लांबलचक नाव. मला वाटलं होतं, ऐकून मी आतून नाचेन. तसं झालं नाही. एखादं जड सामान चुकीच्या माणसाच्या डोक्यावर होतं, ते उतरवलं, एवढंच वाटलं. आणि मान मोकळी झाली.

त्याच्या वकिलाने तुमच्यावर धूळ उडवायचा प्रयत्न केला. बहीण विक्षिप्त आहे, मत्सरी आहे. न्यायाधीशांनी विचारलं, शाळाही मत्सरी आहेत का? मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकीलबाई म्हणतात ती मी होते.

शेवटी न्यायाधीशांनी आम्हा दोघांना एकच प्रश्न विचारला. तुमच्या मुलीला सध्या कशाची भीती वाटते?

तो चटकन म्हणाला, “कशाचीच नाही साहेब. माझी मुलगी आहे.”

मी म्हटलं, “बंद होणाऱ्या दाराची. आणि आपल्याला जे आठवतं ते खरं नसेल, याची.”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

खारूताई माझ्याकडे. त्याने भेटायचं ते देखरेखीखाली, आणि उपचाराला नियमित जायचं. माझा तो पहिला अहवाल रद्द. मी विचारलं, त्या रद्द कागदाची एक प्रत मिळेल का? वकीलबाई म्हणाल्या, कशाला? म्हटलं, मला फाडायचाय. त्यांनी स्वतः झेरॉक्स काढून आणली. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून आम्ही दोघींनी तो अर्धा अर्धा फाडला. मालकांनी सगळ्या शिकाऊ बायकांना सुट्टी देऊन टाकली आणि चौघी जणी मला घ्यायला आल्या. एकीनेही गाडी बंद पाडली नाही.

तुमचीच


५ सप्टेंबर

वन्सं,

आज आणलं तिला घरी.

ऑफिसातून बाहेर पडताना शेजारी बसणाऱ्या बाईंनी तिच्या हातात एक पिवळी टोपी दिली. त्या शनिवारी सुया थांबल्या होत्या ना, ती. खारूताईने ती उन्हातही काढली नाही. वाटेत तिने विचारलं, “आत्याने त्या कुत्र्याला खरंच बाहेर काढलं?” मी म्हटलं, खरंच. “हाताने?” हाताने. मग तिने टोपी कानांवर ओढून घेतली आणि म्हणाली, “आई, कप बाबांनीच फोडला.” मी म्हटलं, हो. “मी बघितलं.” हो बाळा, तू बघितलंस.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, आवाज घुमतो. आजवर जिथे जिथे राहिलो, तिथे मी तिला जिन्यात शिरलो की सांगायचे, हळू, शेजाऱ्यांना कळता कामा नये इथे कोण राहतं. ती सवयीने चवड्यांवर चढायला लागली. पहिल्या मजल्यावर थांबली. माझ्याकडे वळून कुजबुजली, “आई, आता ओरडलं तर चालेल?”

मी म्हटलं, “ओरड.”

आधी तिने एक बारीकशी किंकाळी मारून बघितली. काही झालं नाही. मग टोपी काढली, कठडा धरला आणि स्वतःचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव, घराचा नंबर, सगळं जीव खाऊन ओरडली. जिना दणाणला. तिने पुन्हा ओरडून बघितलं. मीही ओरडले. कपडे वाळत घालणाऱ्या, कणीक मळणाऱ्या, दाढी अर्धी केलेल्या, सगळ्या मजल्यांवरच्या माणसांनी दारं उघडली.

वरचे आजोबा कठड्यावरून वाकून म्हणाले, “अरे काय चाललंय काय? कोण राहतं तिथे?”

खारूताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, “आम्ही!”

तुमचीच